दस्तगीर मिस्त्री आणि आमचं मशीन

आमच्या घरी वॉशिंग मशीन पहिल्यांदा सुरू केलं त्या दिवशी शेजारचे दस्तगीर मिस्त्री कंपाउंडच्या भिंतीवरून उडी मारून आले आणि मला दंडाला धरून अंगणात ओढत म्हणाले, "ताई, आधी बाहेर निघा. बोलणं मग."

पासष्ट वर्षांचा माणूस. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, अंगात बनियन, खाली लुंगी. आणि भिंत माझ्या गळ्याइतकी उंच. ते ती भिंत कसे चढले हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनाही कळलेलं नाही. पुढे एकदा त्यांनी सहज म्हणून करून बघितलं, तर गुडघ्याच्या वर पाय जाईना.

"चाचा, झालं काय?"

"वरच्या पोरी! पोरींना हाक मारा!"

मला हाक मारावीच लागली नाही. चाचांनीच अशी आरोळी ठोकली की वरच्या खोल्यांतल्या सहाही पोरी धडाधडा जिना उतरल्या. एकीची एकच वेणी झालेली, एकीच्या केसांतून पाणी गळतंय, एकीनं फिजिक्सचं पुस्तक लेकरासारखं छातीशी धरलेलं. आम्ही आठ माणसं अंगणात उभी राहून घराकडे बघायला लागलो. घरातून धडधड, धडधड आवाज येत होता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. स्वयंपाकघरात वरच्या फळीवरून काहीतरी पडलं, मग आणखी काहीतरी पडलं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "चाचा, अहो, ते मशीन आहे."

"कसलं मशीन?"

"कपडे धुवायचं."

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. "कपडे धुताना घर हलतंय?"

ते आत गेले, मेन स्विच खाली ओढला, आणि सगळं गप्प झालं. मग आम्ही भीत भीत आत गेलो, तर माझ्या अंगावर काटाच आला. मशीन बाथरूममध्ये नव्हतं. ते उंबरा ओलांडून, आपला पाइप मागं ताणून, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभं होतं. तोंड आमच्याकडे. पाहुण्यानं चहाची वाट बघावी तसं.

"चालत आलं?" चाचा हळूच म्हणाले.

"चालत आलं," मी म्हणाले.

अशी आमची खरी ओळख झाली. शेजार तसा सहा वर्षांचा होता, पण तो सलाम-नमस्कारापुरता. ते आणि चाची दोघंच राहायचे, मुलगा हैदराबादला. आमचे हे मुदखेडला रेल्वेत, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. लातुरात आमच्या गल्लीत तेव्हा एक घर असं नव्हतं की ज्याच्या वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरी नाहीत. ज्याला मजला नव्हता त्यानं पत्रे टाकून काढला. पोरींना ठेवायला येणारे आईबाप आधी पाण्याचं विचारायचे, मग डब्याचं. हळूहळू तिसरा प्रश्न सुरू झाला, "मशीन हाय का?" म्हणून आम्ही ते घेतलं होतं, समोरून गोल काचेचं दार असलेलं. आणि पहिल्याच दिवशी ते घर सोडून निघालं होतं.

कंपनीला फोन केला. माणूस आठ दिवसांनी येईल म्हणाले. चाचांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातून, रीतसर, सदरा घालून आले. हातात पाणसळ. म्हणजे गवंडी लोकांची ती पट्टी, जिच्यातल्या नळीत बुडबुडा मधोमध थांबला की समजायचं पातळी बरोबर आहे. मशीनभोवती त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. हात लावला नाही. मग म्हणाले, "याच्यासंगं कागद आला आसंल ना?"

कागद म्हणजे जाडजूड पुस्तक होतं, इंग्रजीत. सहा पोरींतली सारिका तेव्हा खाली भाकरीला आली होती. औशाकडच्या एका खेड्यातली पोरगी, काटकुळी, विचारलं तेवढंच बोलणारी. चाचांनी तिला मोरीच्या कडेला बसवलं आणि म्हणाले, "वाच बेटा. मराठीत वाच." ती वाचत गेली. चौथ्या पानावर आली आणि अडखळली.

"मशीनच्या पाठीमागचे चार बोल्ट काढल्याशिवाय मशीन सुरू करू नये. ते फक्त वाहतुकीत आतला ड्रम हलू नये म्हणून असतात."

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

चाचांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! नव्या नवरीचे पाय बांधून पाठवलं, न् तुम्ही म्हणून राहिले नाच!"

पाना आणून त्यांनी चारही बोल्ट काढले. एकेक बोल्ट माझ्या बोटाएवढा लांब होता. मग मशीनच्या डोक्यावर पाणसळ ठेवून, खालचे पाय आवळून-सैल करून, बुडबुडा मधोमध आणला. "लावा आता," म्हणाले. मी बटण दाबलं आणि आम्ही सगळ्या जणी न सांगता अंगणात जाऊन उभ्या राहिलो. आत चाचा एकटे. गाभण म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी मशीनवर हात ठेवला होता. पाऊण तासानं मशीन पिळायला लागलं. घर हललं नाही. चाचांचा हात मात्र शेवटपर्यंत तिथंच होता.

त्या दिवसापासून चाचांना मशीनचं वेड लागलं.

आमच्या गल्लीत, मागच्या गल्लीत, पार रिंगरोडपर्यंत जिथं जिथं पोरापोरींच्या खोल्या होत्या तिथं तिथं मशीनं होती, आणि जिथं मशीन तिथं बिघाड. चाचांना कुणी बोलवायची गरज नसायची. रस्त्यानं जाताना कानावर धडधड आली की ते फाटक उघडून आत जायचे. एकदा तर एका परक्या घरात शिरून, घरधनी जेवत असताना, त्यांनी मेन स्विच ओढला आणि म्हणाले, "तुम्ही जेवा. मी बघतो."

प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य ठरलेलं: "बुनियाद बघा आधी." मशीन पाणी घेत नाही? बुनियाद. वास मारतंय? बुनियाद. दार उघडत नाही? तरी बुनियाद. मग पाणसळ. मग भरलेला स्टीलचा ग्लास मशीनच्या डोक्यावर ठेवायचा आणि पिळायला लावायचं. थेंब सांडला की मशीन बंद, आणि खटला सुरू.

"कपडे कुणी टाकले?"

"मी," एखादी पोरगी घाबरत पुढं यायची.

"काय काय टाकलं?"

"एक रग, चाचा."

"एकटीच?"

"हो."

"एकटी न्हाई टाकायची. ती भिजली की एका बाजूला जाऊन बसती, मंग मशीन लंगडतंय. तिला सोबत दे. दोन पँटी टाक, एक टॉवेल टाक."

पोरी त्यांना पाठीमागं 'भूकंपचाचा' म्हणायच्या. मी रागवायचे. पण खरं सांगते, हसू मलाही यायचं.

आणि त्यांचं बहुतेक खरं निघायचं, हेच तर नवल. पाणी येत नाही म्हणून एका घरी नवीन मोटर बसवायला निघाले होते. चाचांनी नळाकडचा पाइप सोडला, आतली नखाएवढी जाळी पकडीनं ओढून काढली आणि सगळ्यांना दाखवली. आमच्याकडचं बोअरचं पाणी कसलं, त्यात अर्धा चुना. जाळी दातांच्या जुन्या ब्रशनं घासली, की मशीन गटागटा पाणी प्यायला लागलं. आमच्या मशीनमधून पाणी बाहेर जाईना तेव्हा त्यांनी खालचं झाकण फिरवून फिल्टर काढला. त्यातून केसांचं एक भेंडोळं निघालं, ते पाहून मी किंचाळलेच; मला वाटलं उंदीर. सोबत अकरा केसांच्या पिना, एक खोडरबर, आणि कुणाच्यातरी खिशात राहिलेला, लगदा झालेला पेपर. त्यावर मार्क तेवढे लाल शाईत अजून दिसत होते. फार कमी होते. चाचांना वाचता येत नव्हतं, पण लाल शाई त्यांना कळायची. कुणाला काही न विचारता त्यांनी तो गोळा मुठीत धरला आणि बाहेर जाऊन चुलीत टाकला.

पिळायची वेळ झाली की मात्र ते आमच्याकडे हजर. मशीनचं वेळापत्रक त्यांना पाठ झालं होतं. मी भाजी चिरत असायचे आणि फाटक वाजायचं. "पिळून राहिलं का?" बाथरूमबाहेर स्टूल टाकून बसायचे, कान देऊन. थांबलं की उठून जायचे. चहा दिला तर घ्यायचे नाहीत. मला वाटायचं, हौस आहे म्हाताऱ्याची.

अखेर कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, पाठीवर बॅग. कपड्यांच्या एका खेपेला मशीन परत जरा थरथरलं होतं. त्यानं पाच मिनिटांत निकाल दिला, "बेअरिंग गेलंय."

चाचा दारातच होते. "बेअरिंग कशाला जाईल? फरशी बघितली का?"

"काका, मी ट्रेनिंग घेऊन आलोय."

"हाव, घेतली आसंल. फरशीला मोरीकडं उतार हाय. तो पाणी वाहायला ठेवलाय, मशीन उभं करायला न्हाई. तुम्ही उतारावर एका पायावर उभं राहून दाखवा बरं."

आता तो बिचारा दाखवायला गेला, आणि खरंच, टायसकट माझ्या बादलीवर बसला. मला काय करावं ते कळेना. त्याला उठवलं, चहा दिला. जाताना तो चाचांच्या पाया पडला की काय असं मला वाटलं, पण तो बूट घालत होता.

चाचांचं म्हणणं, मशीनखाली वीतभर उंचीचा सपाट ओटा घालायचा. मी लगेच म्हणाले, "मग तुम्हीच घाला की चाचा. तुम्ही तर मिस्त्री."

ते हसत होते ते थांबले. "आपण बांधत न्हाई, ताई."

"म्हणजे? अख्खी गल्ली तुम्हाला मिस्त्री म्हणते."

"म्हणती. आपण बांधत न्हाई."

आणि गेले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी दुसरा गवंडी घेऊन आले. तो ओटा बांधत होता आणि चाचा त्याच्या डोक्यावर उभे राहून सिमेंट किती, वाळू किती, पाणी किती सांगत होते. त्यानं एकदा वैतागून थापी त्यांच्या पुढं धरली, "घ्या, तुम्हीच करा." चाचा दोन पावलं मागं सरकले. विंचू दिसल्यासारखे. मला ते चमत्कारिक वाटलं. पण घरात सहा पोरींचे डबे असले की बाईला दुसऱ्याच्या चमत्कारिकपणाचा विचार करायला सवड नसते.

मग तो गुरुवार आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. सारिकाला ताप होता म्हणून ती क्लासला गेली नव्हती, आणि मी नको म्हणत असताना मशीनमधले कपडे काढायला गेली. मी चुलीपाशी. चाचा नेहमीप्रमाणे फाटकातून येत होते. मला फक्त एक आवाज ऐकू आला. किंकाळी नाही. "अं" असा, अर्धवट, घशात अडकलेला.

मी वळून बघितलं. सारिका मशीनच्या दाराला धरून उभी होती आणि तिचा हात सुटत नव्हता. अंग थरथरत होतं, डोळे उघडे, नजर कुठंच नाही. मी तिच्याकडे धावले.

"हात लावू नका!" चाचा असे ओरडले की मी जागच्या जागी थिजले. धुण्याच्या दगडापाशी माझी जुनी लाकडी मोगरी पडली होती. ती त्यांनी उचलली आणि पोरीच्या मनगटावर फाडकन मारली. हात सुटला. ती मागं कोसळली. मी मेन स्विचकडे पळाले.

पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. सारिकाचे ओठ काळेनिळे पडले होते. मनगट टम्म सुजलं होतं. डॉक्टर गल्लीच्या शेवटच्या घरात राहायचे, ते येईपर्यंत चाचांनी तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि बोलतं ठेवलं. नंतर कळलं ते एवढंच, की उंदरानं मागची वायर कुरतडली होती. आणि तीन पायांच्या प्लगचा मोठा पाय आमच्या बोर्डात बसत नव्हता म्हणून आमच्या ह्यांनी तो करवतीनं कापून टाकला होता. म्हणजे अर्थिंगच नव्हतं. शनिवारी हे आले तेव्हा मी त्यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"झोपू नको बेटा," चाचा सारिकाला म्हणत होते. "बोल माझ्यासंगं. गाव कोणतं तुझं?"

"औशाकडं."

"औशाकडं लई गावं हायत. नाव सांग."

तिनं नाव सांगितलं. मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. नाव सांगितलं की लोक भूकंपाचं विचारतात, म्हणून ती औशाकडची एवढंच सांगायची.

चाचा तिच्या तोंडाकडे बघायला लागले. "आज्याचं नाव काय?"

"निवृत्ती."

"निवृत्तीराव? वेशीतनं आत गेलं की डाव्या हाताला, दारात लिंब?"

सारिकाच्या डोळ्यांत पहिल्यांदा जरा जीव आला. "ते जुनं गाव, चाचा. आम्ही नव्या गावात राहतो. मी नाही बघितलं ते घर. पप्पा सांगतात, दारात लिंब होता."

चाचांचा हात तिच्या डोक्यावर होता. तो त्यांनी हळूच काढून घेतला. डॉक्टर आत येत होते. चाचा त्यांच्या बाजूनं बाहेर पडले आणि अनवाणीच घरी गेले.

शुक्रवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाहीत. वायर बदलली, बोर्ड बदलला, खड्डा खणून अर्थिंग केलं. मशीन पिळायला लागलं तरी फाटक वाजलं नाही. मीच मग चपला पोचवायच्या निमित्तानं त्यांच्याकडे गेले. चाची ओसरीत तांदूळ निवडत होत्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.

"जेवून नै राहिले," चाची म्हणाल्या. "विचारलं तर त्या पोरीच्या गावाचं नाव तेवढं घेतात."

"चाची, मला खरं सांगा, चाचांनी बांधायचं का सोडलं?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ती पोरगी ज्या गावची म्हणाली ना, तिथं यांनी अकरा घरं बांधलेली. आसपासची धरली तर चाळीस. दगड-मातीच्या भिंती न् वर माळवद. लाकडावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहतंय म्हणून लोक दुसरं मागायचेच नै. लई नाव होतं यांचं. भूकंप झाला त्या सकाळी ट्रॅक्टरवर बसून गेले. चौथ्या दिवशी आले. आंघोळ केली, न् सगळी अवजारं दुसऱ्या गवंड्याला देऊन टाकली. एक पाणसळ तेवढी ठेवली. मग डाळमिलवर वॉचमन राहिले, म्हातारे होईस्तोवर. मी म्हटलं, दुसऱ्यांनी बांधलेली घरंबी पडलीच की. तर म्हणाले, दुसऱ्यांचं दुसरे बघतील."

मी तिथंच ओसरीत बसून राहिले. वीस वर्षं झाली होती भूकंपाला. त्या माणसाला आम्ही भूकंपचाचा म्हणून हसलो होतो.

रविवारी सकाळच्या एसटीनं सारिकाचे वडील आले. भगवानराव. उन्हानं रापलेला, पन्नाशीकडे आलेला माणूस, डोक्याला पंचा, हातात तुपाचा डबा आणि पिशवीत शेंगा. लेकीचं सुजलेलं मनगट हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मिस्त्री कुठं राहतात? त्यांच्या हातात डबा द्यायचाय." लेकीनं फोनवर सगळं सांगितलं असावं.

मी त्यांना घेऊन गेले. चाची दारात आडव्या उभ्या. "घरी न्हाईत."

उंबऱ्यापाशी चाचांच्या चपला होत्या. आतली खाट करकरली. भगवानरावांनी चपलांकडे बघितलं, खाटेचा आवाज ऐकला, आणि ओसरीत मांडी घालून बसले. "न्हाईत तर न्हाईत. बसतो की मी. मला काय घाई."

पंधरा मिनिटं गेली. आतून शिंक आली. ती दाबायच्या नादात दुसरी आली, पहिलीपेक्षा मोठी.

"शिंकणाऱ्याला म्हणावं, बाहेर येऊन शिंका," भगवानराव म्हणाले.

मला हसावं की रडावं कळेना. दार उघडलं. चाचा चौकटीला धरून उभे राहिले. तीन दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"ओळखलं का, मिस्त्री?" भगवानराव म्हणाले. "आमचं घर बांधलं तेव्हा मी सातवीत होतो. तुम्हाला मातीचा गारा तुडवून द्यायचो. तुम्ही मला म्हणायचे, नाच मर्दा, अजून नाच."

चाचा खाली बसले. "कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"आई. पहिली बायको. दोन लेकरं." भगवानराव ओसरीतल्या फरशीकडे बघत होते. "मी शेतात होतो झोपायला. म्हणून मी हाय."

मागं सारिका उभी होती. आईच्या आधी कुणी होतं हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. तिनं हात तोंडावर धरला.

चाचांनी दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. "याच हातानं..."

"थांबा," भगवानराव म्हणाले. "तुम्ही माळवदावर माती किती घातली होती?"

चाचांना प्रश्न समजेना. "वीतभर. वीत न् चार बोटं."

"हाव. वीतभर. न् त्याच्यानंतर पंधरा वर्षं, दर मिरगाच्या आधी, पाट्यांनी माती वर कोणी नेली? मी. गळू नये म्हणून. गावात सगळेच घालायचे, मीबी घालायचो. जुनी माती कधी उतरवली न्हाई. वरतून नवी, वरतून नवी." त्यांनी आपला हात कोपरापर्यंत दाखवला, आणि मग त्याच्याही वर. "एवढी झाली होती. मिस्त्री, तुमची वीतभर, न् बाकीची सगळी माझी. आजवर कुणाला बोललो न्हाई. हिच्या आईलाबी न्हाई."

असा माणूस तुपाचा डबा घेऊन आभार मानायला येतो आणि हे बोलून जातो, याची तयारी कुणाची असते? चाची पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग चाचा घसा साफ करून म्हणाले, "गळत होतं?"

"हाव. दक्षिणेच्या कोपऱ्यात."

"तिथं उतार कमी पडला होता. ती चूक माझी. उतार बरोबर आसता तर तुम्हाला माती घालावी लागली नसती."

"तसं कसं? सगळ्यांचीच घरं गळत होती."

"त्यातली अकरा मीच बांधली होती!"

"न्हाई मिस्त्री, हे तुम्ही उगं ओढून घेऊन राहिले."

"मी ओढून घेऊन राहिलो? तुम्ही कोपरापर्यंत दाखवून राहिले!"

दोघांचा आवाज चढला. भांडणं मी पुष्कळ बघितली आहेत. पण दोष आपल्याकडे राहावा म्हणून भांडणारी माणसं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. शेवटी सारिकाच मधे आली. कधी न बोलणारी पोरगी, तिनं शेंगांची पिशवी दोघांच्या मधोमध उपडी केली आणि म्हणाली, "पप्पा, खा. चाचा, तुम्ही पण खा. तीन दिवस झाले जेवला नाहीत."

भगवानरावांनी शेंग फोडली आणि दाणे चाचांच्या पुढं केले. चाचांनी ते घेतले.

दुपारच्या गाडीनं जाताना भगवानराव त्यांना सोबतच घेऊन गेले. "दोन दिवस चला. घरी या. हिची आईबी भेटंल तुम्हाला," म्हणाले. चाचा नाही नाही म्हणत होते आणि चाची त्यांच्या पिशवीत सदरा कोंबत होत्या.

ते बुधवारी परत आले. संध्याकाळ होती, मी फाटकाशी दूधवाल्याची वाट बघत उभी होते. ऑटोतून उतरले, मला बघून थांबले. अंगावर धूळ, दाढीला धूळ.

"कसं आहे गाव, चाचा?"

"जुन्या गावात गेलो होतो. काई नै तिथं. बाभळी आल्यात." त्यांनी पिशवी फाटकाला अडकवली. "मंग नव्या गावात आलो, तर शाळा सुटून राहिली होती. ताई, लेकरं लई झालीत हो. मी मोजायला लागलो, पण ती उभी कुठं राहतात? एकामागून एक निघूनच राहिली होती."